शहागडचा उतार आणि वाटसरूंची मोजदाद

पूर्वीच्या औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, बीडकडे निघालेला राजमार्ग आडूल आणि पाचोड ही गावे मागे टाकीत वडीगोद्रीस येतो, तेथे जालन्याहून अंबडवरून आलेली वाट त्यास मिळते, आणि मग हे दोन्ही ओघ एक होऊन शहागडापाशी गोदावरी ओलांडतात. अलीकडच्या काठावर जालना जिल्ह्यातील अंबड तालुका, पलीकडच्या काठावर बीड जिल्ह्यातील गेवराई तालुका, आणि मध्ये ती नदी, जिने या गावास त्याचे प्रयोजन दिले. खानदेशातून सोलापूर-विजापूरच्या रोखाने जाणारा मनुष्य या टापूत कोठे तरी गोदा ओलांडणारच. अशा गावाचा इतिहास लिहू जाणारा, गावाच्या नावातच गड असल्यामुळे, तटबुरुजांकडे वळला तर नवल नाही. परंतु उताराच्या गावाचे चरित्र त्याच्या तटबंदीपेक्षा त्याच्यावरून गेलेल्या माणसांच्या, जनावरांच्या आणि मालाच्या हिशेबातच अधिक सापडते, असे मला वाटते. कोण आले, कोठून आले, किती आले, त्यांतील किती मुक्कामास राहिले, आणि जे राहावेत असे वाटत होते ते राहिले की नको होते तेच तळ ठोकून बसले, या चार-पाच प्रश्नांभोवती नाकेदार, शेटे-महाजन आणि राज्यकर्ते यांची बुद्धी दोन हजार वर्षे फिरत आली आहे.

या हिशेबाच्या मुळाशी नदीचा स्वभाव आहे. उन्हाळ्यात पात्र आटले म्हणजे गुडघाभर पाण्यातून बैल हाकता येतात. मृगानंतर वरच्या अंगाला, नाशिक-नगरकडे, पाऊस लागला की तीच नदी दोन-दोन दिवस नाव घालू देत नाही, आणि काठावर गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत अडकलेल्या माणसास पीठ लागते, वैरण लागते, नाल ठोकणारा लागतो, आणि देवदर्शन घडले तर तेही हवे असते. म्हणजे ज्या खोळंब्याला प्रवासी शिव्या देतो, त्या खोळंब्यावरच काठच्या वाण्याचे, नावाड्याचे आणि नालबंदाचे पोट चालते. दळणवळणाच्या इतिहासात हा विरोध फार जुना असून तो अद्याप मिटलेला नाही: मार्ग जितका सुगम, तितकी मार्गावरच्या गावाची थांबवून धरण्याची शक्ती क्षीण.

शहागडापासून गोदेच्या वरच्या अंगास असलेले पैठण हे सातवाहनांचे प्रतिष्ठान होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या वृत्तान्तात पैठण हे भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर, हे तेथून पूर्वेकडे आणखी दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे नमूद आहे. पैठणाहून अकीकासारखे रंगीत दगड आणि तगराहून नाना तऱ्हेचे कापड गाड्यांतून, आडवाटांनी, भडोचच्या बंदराकडे जात असे. पैठण गोदेच्या उत्तर काठावर, तेर दक्षिणेकडे. तेव्हा तेरचे कापड नदी ओलांडल्यावाचून भडोचला जाणे शक्य नव्हते, हे सांगावयास पुराणवस्तुसंशोधकाची गरज नाही. त्याच सातवाहनांच्या कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात, घाटमाथ्यावर, दगडाचा एक प्रचंड रांजण आजही उभा आहे, आणि तो जकातीच्या नाण्यांसाठी होता असे लोक परंपरेने मानीत आले आहेत. रांजण भरला की वाहतूक चांगली झाली, हा हिशेब सोपा खरा. पण त्यातून किती आले एवढेच कळते, कोण आले ते कळत नाही.

हा दुसरा प्रश्न ज्याने नीट विचारला तो कौटिल्य. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात शुल्काध्यक्षाची कर्तव्ये सांगताना त्याने नगरद्वाराजवळ ध्वज उभारून शुल्कशाळा बसविण्यास सांगितले आहे, आणि तेथे चार-पाच कारकुनांनी सार्थवाहांकडून काय लिहून घ्यावे तेही स्पष्ट केले आहे: हे लोक कोण, कोठले, त्यांच्याजवळ माल किती, आणि त्यांच्या मालावर पहिली ओळखमुद्रा कोणत्या ठाण्यावर उमटली. मुद्रा नसेल तर दुप्पट शुल्क, मुद्रा खोटी असेल तर आठपट दंड. याहून चतुर गोष्ट म्हणजे, व्यापाऱ्याच्या वेषातील हेराने सार्थाचा सर्व तपशील आधीच राजास कळवावा, राजाने तो शुल्काध्यक्षास सांगावा, आणि शुल्काध्यक्षाने येणाऱ्या व्यापाऱ्यांना त्यांच्याच मालाची यादी वाचून दाखवून राजाच्या सर्वज्ञतेची प्रतीती आणून द्यावी, अशीही योजना तेथे आहे.

आजच्या दुकानदाराने जालावर आपले संकेतस्थळ थाटले म्हणजे तो तेथे येणाऱ्यांविषयी याच चार गोष्टी जाणू इच्छितो: कोण, कोठून, काय पाहून गेला, आणि पूर्वी येऊन गेल्याची खूण त्याच्यापाशी आहे की नाही. नेटस्केप कंपनीतील लू माँटुली याने १९९४ मध्ये जी ‘कुकी’ नावाची लहानशी खूण पाहुण्याच्या यंत्रावर ठेवण्याची युक्ती काढली, ती ओळखमुद्रेची अगदी जवळची वंशज म्हणावी लागेल. आणि आपण न सांगताच आपली आवड ओळखून समोर येणारी जाहिरात पाहून जो विस्मय, आणि जी किंचित धास्ती, वाटते ती कौटिल्याच्या व्यापाऱ्यास वाटावी म्हणूनच हेराची योजना होती. भेद एवढाच की व्यापाऱ्यास आपण ध्वजाखाली उभे आहोत हे तरी दिसत होते.

नावाध्यक्षाच्या प्रकरणात तर कौटिल्याने नदीच्या उतारावर बसलेल्या माणसाची नजर कशी असावी हेच जणू शिकविले आहे. ब्राह्मण, संन्यासी, बालक, वृद्ध, रोगी, राजदूत आणि गर्भवती यांना मुद्रा दाखविल्यावर विनामूल्य पलीकडे न्यावे. परंतु जो उगाच घाबरलेला आहे, जो डोक्यावरच्या बोजाआड तोंड लपवितो, ज्याने नुकतेच संन्याशाचे सोंग घेतले आहे, ज्याच्याजवळ लांबच्या प्रवासाला साजेसे सामान नाही, जो आजारी असल्याचे ढोंग करतो, त्यास अडवावे. गोदाकाठच्या कोणत्याही जुन्या नावाड्यास हे अर्थशास्त्र न वाचताही ठाऊक असले पाहिजे, कारण नावेत बसविण्यापूर्वी मनुष्य पारखणे हा त्याच्या धंद्याचाच भाग होता.

मध्ययुगात या वाटांवर सर्वांत मोठी गर्दी असे ती लमाणांच्या तांड्यांची. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याने सतराव्या शतकात दख्खनमधून प्रवास करताना तांदूळ, धान्य आणि मीठ वाहणाऱ्या दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे, आणि अरुंद वाटेत असा तांडा समोर आला तर तो निघून जाईपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागते, अशी तक्रारही नोंदविली आहे. एवढी जनावरे एका उतारावरून पलीकडे जाण्यास लागणारा काळ, त्यांना लागणारी वैरण आणि मागे राहणारे शेण, या तिन्हींचा विचार केला म्हणजे काठच्या गावाच्या अर्थकारणात लमाणाचे स्थान काय असेल ते ध्यानी येते. आणि तरीही लमाण हा पेठेला हवासा पाहुणा नव्हे. तो आपले मीठ, आपली गोणी, आपली बायकापोरे आणि आपला देव बरोबर घेऊन हिंडतो, गावाबाहेर उतरतो, आणि वाण्याच्या दुकानात फारसा शिरत नाही. नाकेदार त्याच्या बैलांची मोजदाद करून खूष होईल. शेटे-महाजनांची दृष्टी मात्र मागून येणाऱ्या दोन गाड्यांच्या सावकाराकडे असेल.

नाकेदार आणि पेठ यांच्या हितसंबंधांतील हा बेबनाव मोगली अंमलात विकोपास गेलेला दिसतो. ज्या बादशहाच्या नावाने औरंगाबाद ओळखले गेले (शहर मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी या नावाने वसविले होते, हे येथे सांगून ठेवावे), त्या औरंगजेबाने आपल्या कारकिर्दीच्या आरंभीच ‘राहदारी’ हा वाटेवरचा कर बंद केल्याचे फर्मान काढले. परंतु खाफीखान हा इतिहासकार लिहितो की दूरदूरच्या जहागीरदारांनी आणि अंमलदारांनी ते फर्मान मनावर घेतले नाही, आणि वाटसरूंची लुबाडणूक चालूच राहिली. यात आश्चर्य काही नाही. ज्याला नाक्याचा इजारा तीन वर्षांसाठी मिळाला आहे, त्याला चौथ्या वर्षी ही वाट ओसाड पडली तर काय, याची चिंता कशी पडावी?

मराठी अंमलातील जकातीची व्यवस्था कागदोपत्री बरीच सुबक होती. माल जेथे भरला तेथे थळभरीत, जेथे विकला तेथे थळमोड, आणि मधल्या महालांतून नेताना वाटेची जकात. शिवाय बाजारात बसणाऱ्याकडून शेव, फसकी, वाणगी असे मूठमूठभर हक्क. एकेका महालाचा कमाविसदार निराळा, त्याचा दर निराळा, त्याच्या कारकुनाची मर्जी तर त्याहून निराळी. लांबच्या पल्ल्याच्या व्यापाऱ्यास दर नाक्यावर गोणी सोडून दाखविणे परवडत नसे. म्हणून हुंडेकरी नावाचा एक वर्ग उदयास आला, जो ठरावीक एकरकमी पैसा घेऊन व्यापाऱ्याचा माल मधल्या सर्व नाक्यांतून पार करून देण्याचा जिम्मा घेई. नाकेदारांशी त्याचे वर्षाचे सूत जमलेले असे, त्यामुळे त्याच्या चिठ्ठीवर गाडी न थांबता पुढे जाई. हुंडेकऱ्याविषयी आपल्या इतिहासकारांनी फार थोडे लिहिले आहे. लढायांपेक्षा त्याच्या वह्यांतून अठराव्या शतकाचा महाराष्ट्र अधिक कळला असता, असे मला पुष्कळदा वाटते.

ही झाली मोजणीची बाजू. बोलावण्याची बाजू पाहावयाची तर कौलनामे पाहावेत. नवी पेठ वसवावयाची असली म्हणजे राज्यकर्ता एखाद्या मातबर शेट्यास शेटेपणाचे वतन देऊन व्यापारी आणावयास सांगे, आणि येणाऱ्यांस कौल देई की पहिली काही वर्षे जकात माफ, घरपट्टी माफ, वेठ-बेगार माफ, आणि पुढे चढत्या क्रमाने आकार बसेल. पुण्याच्या कित्येक पेठा अशाच रीतीने भरल्या. मात्र वाट्टेल त्याने यावे अशी वृत्ती त्यात नव्हती. शिवाजीमहाराजांनी १६७१ साली कुडाळच्या सरसुभेदारास पाठविलेल्या पत्रात बारदेशच्या, म्हणजे पोर्तुगीज हद्दीतील, मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा आहे. उद्देश हा की परके मीठ महाग पडावे, आणि घाटावरचा व्यापारी स्वराज्याच्या आगरांकडे वळावा. जकात ही केवळ वसुली नसून माणसांचा ओघ वळविण्याचे साधन आहे, हे इतक्या स्वच्छ शब्दांत त्या काळी फार थोड्यांनी ओळखले असेल. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हाच विचार पुढे नेलेला आहे: सावकार ही राज्याची शोभा, त्यांना परमुलखांतून मान देऊन आणावे, पेठा वसवाव्यात; परंतु फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस हे टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांचे पाठीराखे राजे आहेत, म्हणून त्यांना वखारीसाठी समुद्रकाठची किंवा किल्ल्याजवळची जागा देऊ नये. योग्य पाहुणा आणि अयोग्य पाहुणा यांतील भेद त्याच्या गाठोड्यावरून नव्हे, तर त्याच्यामागे कोण उभा आहे त्यावरून करावा, हा पंत अमात्यांचा निकष पुढील शतकाने खरा ठरविला.

शहागडच्या परिसरात मात्र ज्या पाहुण्यांची नोंद इतिहासाने सर्वांत ठळकपणे ठेवली, ते मुळी व्यापारी नव्हतेच. १७६३ च्या पावसाळ्यात निजाम अली हा पुणे जाळून, पेशव्यांच्या फौजांच्या पाठलागाने हैराण होऊन, औरंगाबादेच्या आश्रयास निघाला होता. तो स्वतः काही फौजेनिशी गोदा उतरून उत्तर काठास गेला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या सैन्यासह दक्षिण काठावर, गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनापाशी, मागे राहिला. नदीला पूर होता. नागपूरकर जानोजी भोसले ऐन वेळी निजामाची बाजू सोडून निघून गेले होते. १० ऑगस्ट १७६३ रोजी राघोबादादा आणि तरुण माधवराव पेशवे यांनी विठ्ठल सुंदरावर हल्ला केला. दादासाहेब एका क्षणी वेढ्यात सापडले, माधवरावांनी नेटाने चाल करून डाव सावरला, विठ्ठल सुंदर ठार झाला, आणि पलीकडच्या काठावरून निजामास आपल्या फौजेचा नाश पाहण्याखेरीज दुसरे काही करता आले नाही. पुढे औरंगाबादेच्या तहात ८२ लक्षांचा मुलूख पेशव्यांस परत मिळाला. इतिहासाच्या पुस्तकांत या विजयाचे श्रेय माधवरावांच्या कर्तृत्वास दिले जाते, आणि ते न्याय्यच आहे. परंतु नदीच्या उताराचा विचार करणाऱ्यास असे म्हणावेसे वाटते की त्या दिवशी शहागड-राक्षसभुवनच्या गोदेने दख्खनच्या सुभेदारासही एखाद्या गाडीवानासारखे रांगेत थांबविले, आणि थांबण्याची किंमत वसूल केली.

पुढे गोदेचे दोन्ही काठ निजामाच्या हैदराबाद संस्थानात स्थिरावले. १८०२ च्या व्यापारी तहाने इंग्रजी मुलूख आणि संस्थान यांच्यामधील मालावर शेकडा पाच जकात ठरली. पण संस्थानाच्या आतल्या नाक्यांचा सुळसुळाट त्यामुळे थांबला नाही. शेजारच्या मुंबई इलाख्यात वाटेवरची जकात एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात रद्द झाली. संस्थानात हे काम १८५३ मध्ये दिवाणगिरीवर आलेल्या पहिल्या सालारजंगांच्या वाट्यास आले. त्यांनी मक्तेदारांच्या हातची वसुली सरकारकडे घेण्यास आरंभ केला, आणि करोडगिरी हे सरकारी खाते म्हणून नावारूपास आले. मराठवाड्यातील वृद्धांच्या तोंडी ‘करोडगिरीचा नाका’ हे शब्द संस्थान गेल्यानंतरही कित्येक वर्षे होते.

शहागडवर यापेक्षा मोठा परिणाम एका अशा मार्गाने केला, जो शहागडवरून गेलाच नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी असा हैदराबादकडे लोहमार्ग झाला, आणि दक्षिणोत्तर वाटेवरचा बराचसा माल त्या लोखंडी वाटेने पूर्वेकडे वळला. जालन्याची कापूसपेठ त्यायोगे भरभराटली. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण प्रत्यक्षात उतरल्यासारखी झाली. ज्या गावाला आगगाडीचे स्थानक मिळाले त्याचे भाग्य फळफळले, आणि ज्याला नदीचा उतार तेवढा होता त्याच्याकडे बैलगाड्या, दिंड्या आणि जवळपासच्या गावांचा बाजार उरला.

दिंड्यांचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगतो. उत्तरेकडून पंढरीस जाणाऱ्या वारकऱ्यांपैकी कित्येकांची वाट याच मुलखातून जाते, आणि गोदास्नान हा त्यांच्या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा असतो. वारकरी जकात देत नाही, त्याच्या झोळीत विकण्याजोगे काही नसते, अन्नही त्याला गावच वाढते. नाकेदाराच्या वहीत त्याची किंमत शून्य. तथापि दरसाल ठरल्या तिथीस, न बोलावता, तीच माणसे किंवा त्यांची मुले त्याच घराच्या ओसरीवर उतरतात, ही गोष्ट कोणत्याही कौलनाम्याने साधलेली नाही. आषाढीच्या वारीस जाणाऱ्या वाहनांना शासन आता टोल माफ करते, यात जुन्या नावाड्यांच्या रीतीचाच काही अंश शिल्लक आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात नदीचाच स्वभाव पालटला. पैठण येथे जायकवाडीच्या धरणाची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ते राष्ट्रास अर्पण केले. वरच्या अंगाचे पाणी तेथे अडले, आणि शहागडच्या पात्राची भरती-ओहोटी मेघांपेक्षा धरणाच्या दरवाजांवर अधिक अवलंबून राहू लागली. १९८१ च्या १ मे रोजी जालना जिल्हा निराळा झाला. धुळे-सोलापूर रस्ता राष्ट्रीय महामार्ग ठरला, आधी २११ क्रमांकाचा, मग ५२ क्रमांकाचा, आणि पुढे चौपदरी. खोळंबा संपला, आणि खोळंब्यावर जगणाऱ्या दुकानदारास प्रथमच पाहुण्यास थांबविण्यासाठी पाटी रंगवावी लागली.

मोजदाद मात्र थांबली नाही; उलट ती सूक्ष्म झाली. रस्त्यांची वाहनगणना करताना अभियंते सात दिवस, अहोरात्र, वर्षातून दोनदा, एकदा सुगीत आणि एकदा मंदीच्या दिवसांत, येणारे-जाणारे प्रत्येक वाहन टिपतात. सर्व वाहने एका मापात बसावीत म्हणून मोटारगाडी हे एकक धरले आहे: मालमोटार म्हणजे तीन मोटारी, सायकल म्हणजे अर्धी, आणि बैलगाडी म्हणजे, कोणास खरे वाटणार नाही, आठ मोटारी; कारण ती रस्ता तेवढा वेळ अडवून धरते. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर ‘फास्टॅग’ सर्व चारचाकी आणि मोठ्या वाहनांस सक्तीचा झाला, आणि काचेवरची ती चिकटपट्टी हुंडेकऱ्याच्या चिठ्ठीचे काम करू लागली. २०१८ पासून पन्नास हजार रुपयांवरील मालासोबत जे ‘ई-वे बिल’ लागते, त्यात माल कोणाचा, कोठून कोठे, कोणत्या गाडीतून, हे सारे भरावे लागते, आणि शुल्काध्यक्षाच्या कारकुनांस त्यात नवे असे काही आढळले नसते. या सर्व नोंदींतून शहागडवरून कोणत्या घटकेस किती चाके गेली ते दिल्लीत बसून सांगता येईल. त्यांपैकी किती थांबली, हे शहागडच्या उपाहारगृहाचा मालक गल्ल्यावर बसून सांगतो, आणि त्याची वही कोणत्याही खात्यास सादर होत नाही.

हिवाळा लागला की अंबड तालुक्यातील अंकुशनगरच्या साखर कारखान्याचे गाळप सुरू होते, आणि बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बिऱ्हाडासह घर सोडतात. कोणी पश्चिम महाराष्ट्राकडे, कोणी कर्नाटकात, कोणी गोदा ओलांडून उत्तरेस. उसाने लादलेली बैलगाडी अभियंत्याच्या तक्त्यात आठ मोटारींएवढी धरली जाते, टोलवाल्याच्या तक्त्यात ती मुळीच नसते, आणि मागची मालमोटार तिच्यावर भोंगा वाजवून थकते. काठच्या किराणा दुकानदारास मात्र तिचीच वाट पाहावीशी वाटते. बैलांना पाणी दाखविल्यावाचून तिचा गाडीवान पुढे जात नाही, आणि तेवढ्यात त्याची कारभारीण मीठ, मिरची, चहाची पुडी घेऊन, मागच्या हप्त्याची उधारी वहीत कमी करून घेते.